बाईंचं शेवटचं पान

स्मरणिका समितीने पत्रात 'शाळेविषयी काहीही लिहा' असं मोकळेपणाने म्हटलं आहे. काहीही लिहा म्हटलं की माणूस हमखास अडतो, त्यामुळे क्रीडांगण, स्नेहसंमेलन, प्रार्थना हे सगळं मी इतरांवर सोपवते आणि फक्त मराठीच्या बाईंविषयी लिहिते. नाव सांगायला नको. आपल्याकडे नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच.

नववीतला निबंधाचा तास. विषय 'वेळेचे महत्त्व', म्हणजे ज्यावर सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि लिहायला काहीच नसतं असा. मी तारीख घातली, शीर्षक लिहिलं, पट्टीने दोनदा अधोरेखित केलं आणि बसून राहिले. बाई फिरत फिरत बाकापाशी आल्या.

"काय अडलंय गं?"

"सुरुवात सुचत नाही, बाई."

"मग नको सुरुवात. वेळेशी तुमच्या घरात कोणाचं बिनसलंय ते सांग."

मी आजोबांचं सांगितलं. ते भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पुढे ठेवत, ते पुढे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असे, आणि म्हणून सगळेच निवांत राहून उशिरा निघत. मी बोलत होते तोवर बाईंनी माझी वही उलटी करून शेवटच्या पानावर पेन्सिलीने शब्द टिपले होते. आजोबा. पुढचं घड्याळ. धावपळ. शाळेची घंटा. कोण कोणाला फसवतं? वाक्य एकही नाही. मग शब्दांना आकडे दिले, एक बाण वरून खाली ओढला आणि 'शाळेची घंटा'वर काट मारली. मला नेमकी तीच आवडली होती. "चांगली आहे, पण या निबंधाची नाही. दुसऱ्याला ठेव," बाई म्हणाल्या. "आता वरच्या पाच ओळी मोकळ्या सोड आणि आजोबांपासून लिही. सुरुवात शेवटी बघू."

तास संपायच्या आत निबंध झाला. मोकळ्या पाच ओळींपैकी दोनच लागल्या.

पुढे मी अहवाललेखनाच्याच व्यवसायात आले आणि आज आमच्या विभागाची प्रमुख आहे. कामाच्या निमित्ताने लिहिताना अडण्याविषयी बरंच वाचलं. एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने १९४७ च्या सुमारास 'रायटर्स ब्लॉक', म्हणजे लिहिताना असं अडून बसणं, हा शब्द रूढ केला आणि त्याची मुळं थेट लेखकाच्या तान्हेपणात शोधली. मला ते कधी पटलं नाही. लेखनाचे अभ्यासक माइक रोझ यांनी १९८० साली केलेली मांडणी मात्र वाचताना बाईच आठवल्या. त्यांनी दहा विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या, पाच लिहिताना अडणारे आणि पाच न अडणारे. अडणाऱ्यांकडे बुद्धी कमी नव्हती, नियम कडक होते. पहिल्याच वाक्याने वाचकाला खिळवलं पाहिजे, अशासारखा एखादा नियम मनात पक्का बसलेला, आणि त्यापायी पहिला परिच्छेद हलेना. एकीचा आराखडाच इतका गुंतागुंतीचा व्हायचा की प्रत्यक्ष लिहायला वेळ उरत नसे. बाईंनी दोन्ही रोगांवर औषध आधीच देऊन ठेवलं होतं: सुरुवात शेवटी, आणि मुद्दे एका पानाबाहेर जाता कामा नयेत. तेही पेन्सिलीने, म्हणजे लिहिता लिहिता बेत बदलला तर खोडता येतो.

माझ्या हाताखालची मुलं कोऱ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या रेघेकडे बघत बसलेली दिसली की मी त्यांची खुर्ची माझ्याकडे वळवते आणि म्हणते, मला तोंडी सांग. ती बोलतात, मी टिपते. कच्चा खर्डा झाल्यावर उलटी तपासणीही करायला लावते, म्हणजे प्रत्येक परिच्छेदासमोर समासात त्याचा मुद्दा एका ओळीत लिहायचा. एकाच परिच्छेदासमोर दोन मुद्दे आले तर तो फोडायचा, आणि एकही येत नसेल तर परिच्छेद काढायचा. मोठमोठ्या अहवालांची पानंच्या पानं अशी गळतात. लोक याला माझी पद्धत म्हणतात आणि मी दर वेळी बाईंचं नाव सांगते.

गेल्या वर्षी शाळेत आले होते तेव्हा निबंधाच्या वह्या चाळल्या. अक्षर सुरेख, खाडाखोड नाही, आणि शेवटची पानं कोरी. हल्ली विषय टाकला की तयार मुद्दे यंत्रच काढून देतं, हे मलाही माहीत आहे, मीही ते वापरते. पण ते मुद्दे कोणाचेही असतात. पुढे ठेवलेल्या घड्याळाचे आजोबा त्यात येत नाहीत, ते कोणीतरी बाकापाशी थांबून विचारावे लागतात.

म्हणून समितीला एक विनंती. बाईंच्या नावाने वार्षिक निबंध स्पर्धा सुरू करा, बक्षिसाचा खर्च मी उचलते. अट एकच: प्रत्येक निबंधाला मुद्द्यांचं कच्चं पान जोडलेलं हवं, काटाकाट आणि बाणांसकट, आणि परीक्षकांनी त्यालाही गुण द्यावेत.