फेंगशुई जमलं, तारीख जमेना

सिंगापुरात जुना एचडीबी (म्हणजे तिथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाचा) फ्लॅट घेऊन आम्ही २०२४ मध्ये त्याचं काम काढलं. फ्लॅट बघणं, कर्ज, कागदपत्रं, किल्ल्या हे सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पण पहिला हातोडा कधी मारायचा यावरून जे रामायण घडलं, ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं. इथे घर घेणारे बरेच मराठी लोक मला फेंगशुईचं, म्हणजे चिनी वास्तुशास्त्राचं, विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

माझा स्वतःचा यावर फारसा विश्वास नाही. पण आई साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर वास्तुशास्त्र सांगणार, बायकोचं म्हणणं की ज्या गावात राहतो तिथली रीत पाळावी, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणजे साठीचे चिनी अंकल, तारीख काढल्याशिवाय छिन्नीला हात न लावणारे. तेव्हा फेंगशुईवाला बोलवावाच लागला. तो लुओपान घेऊन आला. ही त्यांची होकायंत्राची तबकडी. तिच्यावर चोवीस भाग, प्रत्येक भाग १५ अंशांचा. दिशा त्याने घरात मोजलीच नाही. दाराबाहेर, लोखंडी गेटपासून चार पावलं लांब जाऊन मोजली. हे लक्षात ठेवा. आपण मोबाइल घेऊन हॉलच्या मधोमध उभे राहतो आणि भिंतीतल्या सळया काटा भलतीकडेच ओढतात.

मूळ तत्त्वं म्हणाल तर साधी आहेत. घराला पाठीशी आधार हवा, पुढे मोकळी जागा हवी. पूर्वी पाठीशी डोंगर आणि पुढे पाणी बघायचे. आमच्या मागे उंच ब्लॉक आहे आणि पुढे मुलांचं मैदान, तेवढ्यावर तो खूश झाला. घरातून बाहेर बघताना डावी बाजू ड्रॅगनची, उजवी वाघाची, आणि ड्रॅगनची बाजू जरा उंच असलेली बरी. समोरून रस्ता सरळ अंगावर येऊ नये, कुठल्या इमारतीचा कोपरा खिडकीवर रोखलेला नसावा. आमच्या एका खिडकीवर असा कोपरा येतोच. तिथे कुंड्या ठेवायला सांगितल्या, विषय संपला. ‘ची’, म्हणजे त्यांच्या मते सगळीकडे वाहणारी ऊर्जा, घरात रमतगमत फिरली पाहिजे, सुसाट निघून गेली तरी वाईट आणि अडगळीत कोंडली तरी वाईट. आमचं मुख्य दार आणि पलीकडची खिडकी एका रेषेत होती, म्हणून मध्ये चपलांचं उंच कपाट आडवं लावलं. ते कपाट घराच्या आतच ठेवा हं. बाहेर कॉरिडॉरमध्ये अग्निशमनासाठी १.२ मीटर वाट मोकळी ठेवावी लागते, आणि कुंड्यांनाही तोच नियम.

स्वयंपाकघरात विस्तव आणि पाणी यांना शेजारी बसवायचं नाही. शेगडी आणि सिंक यांच्यामध्ये ओट्याचा तुकडा सोडला. शिवाय मुख्य दारातून शेगडी दिसू नये, म्हणून स्वयंपाकघराची भिंत पूर्ण न पाडता अर्धीच पाडायची ठरली. या एका मुद्द्यावर आई, बायको आणि तो माणूस तिघांचं एकमत झालं. तेवढ्याच एका.

पलंगाचं मात्र गंमतशीर आहे. जन्मवर्षावरून एक आकडा काढतात. पुरुषाचा जन्म २००० पूर्वीचा असेल तर वर्षाच्या शेवटच्या दोन अंकांची एक आकडी बेरीज दहातून वजा करायची. मी १९७९ चा, म्हणजे ७ आणि ९ सोळा, सोळाचे सात, दहातून गेले सात, राहिले तीन. बाईच्या बेरजेत पाच मिळवायचे. बायको १९८१ ची, ८ आणि १ नऊ, नऊ आणि पाच चौदा, चौदाचे पाच; पण पाच हा आकडा चालत नाही, बाईला त्याचे आठ धरतात. तीन म्हणजे पूर्व गट, आठ म्हणजे पश्चिम गट. एकाला ज्या चार दिशा चांगल्या त्या दुसऱ्याला वर्ज्य! मग पलंग कोणाचा? तो म्हणाला, जो कमावतो त्याच्या दिशेने. बायकोचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे हे मी त्याला सांगितलं नाही, तिनेच सांगितलं. शेवटी निकाल लावला कपाटाने. खिडकी उत्तरेला, कपाट पश्चिमेला, दार पूर्वेला, डोक्यामागे भरभक्कम भिंत फक्त दक्षिणेलाच होती. दक्षिण माझ्या आकड्याला चालते आणि आईच्या वास्तूलाही, त्यामुळे मी निमूट जिंकलो. जानेवारीत जन्मलेल्यांनी आकडा काढताना आधीचं वर्ष धरायचं, कारण या हिशेबातलं वर्ष ४ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतं.

आता तारीख.

भिंत पाडायला एचडीबीचं परमिट लागतं आणि ते त्यांच्या यादीतल्या कॉन्ट्रॅक्टरनेच काढायचं असतं. बीम आणि कॉलमला हात लावता येत नाही. नव्या फ्लॅटमध्ये बॉम्ब शेल्टरची खोली असते, तिच्या भिंतींनाही नाही. आमची भिंत साधी होती. जुलैत मी अंकलना म्हटलं, अर्ज टाका. ते म्हणाले, “कॅन, कॅन (होईल, होईल), आधी तारीख आणा.” फेंगशुईवाल्याला म्हटलं, तारीख द्या. तो म्हणाला, परमिट कधी हातात येणार ते सांगा, मग काढतो. मी दोघांना एका व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. दोघांनीही होकाराचा अंगठा टाकला आणि गप्प बसले.

तेवढ्यात ४ ऑगस्ट उजाडला आणि चिनी सातवा महिना लागला. या महिन्यात पितर आणि भुतंखेतं मोकळी फिरतात असं मानतात. ब्लॉकखाली लोखंडी पिंपांत कागदी नोटा जाळतात, गवताच्या कडेला भात आणि संत्री मांडून ठेवतात, आणि घराचं काम कोणी सुरू करत नाही. दुसऱ्याच दिवशी आमचा श्रावण लागला! आई रोज विचारायची, श्रावणासारखा महिना नाही, सोमवार बघून सुरुवात का करत नाही? तिला काय सांगणार, की आपला सर्वांत पवित्र महिना तो इथे सर्वांत वर्ज्य. अंकल त्या महिन्यात अर्जसुद्धा भरायला तयार नव्हते, जणू भुतं पोर्टलवर बसून आहेत. भाडं चालू, कर्जाचा हप्ता चालू, आणि मी रिकाम्या फ्लॅटमध्ये शनिवारी जाऊन नळ सोडून बघतो. किती चिडचिड झाली असेल ते तुम्हीच समजा. महिन्याच्या अखेरीस मी जरा आवाज चढवला, तेव्हा कुठे अर्ज गेला.

चिनी महिना २ सप्टेंबरला संपला. इकडे १८ पासून पितृपक्ष, तो २ ऑक्टोबरपर्यंत, आणि त्यात आई सुरुवात करू देणार नाही. म्हणजे उरले ३ ते १७ सप्टेंबर. पहिले काही दिवस परमिट येण्यात आणि शेजाऱ्यांसाठी नोटीस लावण्यात गेले. तोडफोड शनिवार-रविवारी करता येत नाही. ७ तारखेला गणेश चतुर्थी, शनिवारच होता. पण गंमत बघा, चिनी पंचांगात प्रत्येक वर्षाला, दिवसाला आणि प्रहराला बारांपैकी एक प्राणी असतो; तो कुत्र्याचा दिवस, २०२४ या ड्रॅगनच्या वर्षाला थेट विरोधी, म्हणजे वर्षभरातल्या टाळायच्या दिवसांपैकी एक. ९ फेंगशुईवाल्याला बेताची वाटली. १० बैलाची, मी मेंढ्याच्या वर्षाचा, बैल-मेंढा हाडवैर. १२ सशाची, बायको कोंबड्याची, तेही वैर. १३ वर पंचांगाचा शेराच ‘धोक्याची’. १६-१७ ला विसर्जनाची धावपळ, ती आम्हीच नको म्हटलं. राहिली ११ तारीख, बुधवार. मी हुश्श केलं.

मग वेळ आली: सकाळी सात ते नऊ. हा ड्रॅगनचा प्रहर आणि ड्रॅगन-कोंबड्याचं जमतं, म्हणून बायकोसाठी उत्तम. पण इथे हातोडा आणि ड्रिलचं काम सकाळी नऊच्या आत करता येत नाही, संध्याकाळी पाचनंतरही नाही, आणि नियम योग्यच आहे. वरच्या मजल्यावर कोणी सातला भिंत फोडायला लागलं तर मीच पहिला तक्रार करेन. फेंगशुईवाल्याला म्हटलं, दुसरी वेळ द्या. तो म्हणाला, दुसरी वेळ बघायची तर पुन्हा गणित मांडावं लागेल, त्याची फी वेगळी. वर हेही, की ४ फेब्रुवारी २०२४ पासून फेंगशुईच्या हिशेबातला वीस वर्षांचा नववा काळ सुरू झालाय, तर मुख्य दारही बदलून घ्या, घर नव्या काळात येईल. त्याचीही फी वेगळीच.

सुटका केली समोरच्या आंटीने. लिफ्टजवळ मी फोनवर तावातावाने बोलत होतो, ते तिने ऐकलं. म्हणाली, एवढंच ना? सातला यायचं, हातोडीने भिंतीला हळूच टकटक करायचं, झाली सुरुवात. खरी तोडफोड नऊनंतर. सगळे असंच करतात. सगळे! मग त्या माणसाला हे माहीत नव्हतं? अंकलना माहीत नव्हतं? अंकलना विचारलं तर म्हणाले, “तुम्ही विचारलंच नाही.” एवढंच एक वाक्य जुलैत कोणी बोललं असतं तर निम्मे फोन वाचले असते.

बुधवारी सव्वासातला आम्ही गेलो. आंटीने बजावलं होतं की २०२४ मध्ये दक्षिण आणि पश्चिमेला पहिला घाव घालायचा नाही, म्हणून भिंतीच्या उत्तर टोकाला लहान हातोडीने तीन टिचक्या मारल्या. रंगाचा टवकासुद्धा उडाला नाही. मी मनात गणपतीचं नाव घेतलं, अंकलनी त्यांचं काहीतरी पुटपुटलं, आणि नऊ वाजेपर्यंत खाली जाऊन कॉफी प्यायलो. पितृपक्षात काम चालू राहिलं त्याला आईची हरकत नव्हती. सुरू झालेलं चालतं, सुरुवात नको.

तेव्हा माझा सल्ला एवढाच, पलंग-आरसे नंतर बघा, तारीख सगळ्यांत आधी काढा, परमिटच्या अर्जाच्याही आधी, आणि ऑगस्ट-सप्टेंबर शक्यतो टाळा. आरशावरून आठवलं: पलंगासमोर आरसा नको म्हणतात, आणि अष्टकोनी बा-ग्वा आरसा घरात तर कधीच लावू नका. बाहेर लावलात तर तो शेजाऱ्याच्या दारावर रोखला जाणार नाही हे बघा, नाहीतर भांडण ठरलेलं.

सुताराकडे एक टेप असतो, तो जरूर हातात घेऊन बघा. सेंटिमीटरच्या आकड्यांखाली चिनी अक्षरांच्या दोन ओळी, शुभ मापं लाल आणि अशुभ काळी. वरच्या ओळीत ४२.९ सेंटिमीटरमध्ये आठ भाग, मग पुन्हा तेच चक्र. आमच्या ओट्याची लांबी काळ्यात येत होती. अंकलनी न विचारता दोन सेंटिमीटर छाटून लालमध्ये आणली. त्यामुळे आता कडेला फट राहिली आहे, तिथे चमचे पडतात.

राहायला जायचं मी दसऱ्याला ठरवलं, १२ ऑक्टोबर. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, कोणाला विचारायची गरज नाही. तर त्या दिवसाला चिनी पंचांगात ‘बंद’ असा शेरा, आणि आदल्या दिवशी, शुक्रवारी, ‘उघडा’. या वेळी मी फोन केलाच नाही. शुक्रवारी संध्याकाळी आंटीच्या सांगण्यावरून सगळे दिवे लावले, काठोकाठ तांदळाचा डबा आत नेला आणि उंबऱ्यावरून अननस गडगडत सोडला. अननस शेंड्यासकट हवा, शेंडा कापलेला चालत नाही. शनिवारी दारावर तोरण लावून दूध उतू घातलं. अननस आम्ही तिखटमीठ लावून खाल्ला, आंटीला फार आवडला.

आणि हो, पैशांचं राहिलं. घर तपासायची फी आणि तारखेची फी या दोन वेगळ्या असतात, तारखेसोबत वेळ धरली आहे की नाही हेही आधीच विचारून घ्या.