बाबांसाठी वकील शोधताना

बाबांना अल्झायमरची सुरुवात असल्याचं निदान झालं, तेव्हा गोळ्या लिहून देता देता न्यूरॉलॉजिस्टनी विचारलं, "घर, बँक, मृत्युपत्र, यांचं काय ठरलंय? जे करायचंय ते आत्ताच उरका. आपण कशावर सही करतोय हे त्यांना समजतंय, तोवरच त्याला अर्थ आहे." ही सूचना वकिलाकडून नाही, डॉक्टरांकडून आली याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

बाबांच्या नावावर नाशिकचा राहता फ्लॅट, पेन्शनचं खातं, काही मुदतठेवी आणि एक लॉकर. दादा परदेशात, मी इथे. घरात भांडण कसलंच नाही. त्यामुळे नेमका कसला वकील गाठायचा हाच पहिला प्रश्न पडला. आपल्याकडे दिवाणी, फौजदारी, फॅमिली कोर्ट, मिळकतीचे दस्त अशी वकिलांची वाटणी असते. म्हाताऱ्या माणसांची कामं करणारे वकील अशी पाटी कुठे दिसत नाही. शिवाय बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, म्हणजे नावं मिळणार ती ओळखीतूनच. एक नाव सोसायटीच्या सेक्रेटरींनी सुचवलं, एक बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांनी. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरच्यांचा एक गट आहे, तिथल्या एका ताईंनीही एक नाव दिलं.

सेक्रेटरींनी सुचवलेल्या वकिलांनी बाबांकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "बक्षीसपत्र करून टाका. मुलांच्या नावे राहतं घर द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये." महाराष्ट्रात पती, पत्नी, मुलं, नातवंडं यांना राहतं घर बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे, बाकीचे अधिभार वेगळे. पण बक्षीसपत्र नोंदवलं की घर दिलं ते दिलं, मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. मग आई कुठे राहणार? आमच्या घरी? आमच्या मर्जीवर? हे त्यांनी विचारलंच नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम २३ चा आधार आहे खरा. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि ती अट पाळली नाही, तर प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण तो दस्त रद्दबातल ठरवू शकतं. पण ती अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने हा कायदा अधिक उदारपणे वाचला. तरीही ज्यापायी आईवडिलांना उद्या प्रांत ऑफिसच्या पायऱ्या चढाव्या लागतील, असा दस्त आज करायचा कशाला?

सहकाऱ्यांनी सांगितलेले वकील स्वभावाने मोकळे होते. त्यांनी सुचवलं, "तुमच्या नावाने जनरल मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, करू, रजिस्टर करू. मग बँक, फ्लॅट, सगळं तुम्ही बघा."

मी विचारलं, "पुढे बाबांना काहीच कळेनासं झालं, तरी ते चालेल?"

"चालतं हो. बँकेला कुठे कळतंय?"

तिथून मी उठले. करार कायद्याचं कलम २०१ मी आधी वाचून गेले होते. मुखत्यारपत्र देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकार संपतो. काही देशांत अशा आजारपणानंतरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं, आणि दादा फोनवर तेच धरून बसला होता. आपल्याकडे ती सोय नाही. ज्या दिवसासाठी तो कागद जपून ठेवायचा, नेमका त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो. आपल्या घरातल्या माणसांसाठी वकील बघणाऱ्या प्रत्येकाने हा एक प्रश्न जरूर विचारावा. उत्तरावरून समोरच्या माणसाची पारख लगेच होते.

गटातल्या ताईंनी सांगितलेल्या वकीलबाईंनी फोनवरच विचारलं, "काका दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त सावध असतात?" बाबा सकाळी अगदी पूर्वीसारखे असतात, दिवेलागणीला गोंधळतात. त्यांनी सकाळची वेळ दिली. आम्ही पोचलो, चहा झाला आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्ही आणि काकू जरा बाहेर बसा. मला काकांशी एकट्याशी बोलायचंय. फी तुम्ही दिलीत तरी पक्षकार ते आहेत."

आई बाहेरच्या बाकावर पदराशी चाळा करत बसली होती. आत बाबांचा आवाज चढत-उतरत होता, मधेच हसणं ऐकू आलं. आम्हाला आत बोलावलं तेव्हा वहीचं पान वकीलबाईंच्या अक्षराने भरलेलं होतं. त्यांनी बाबांना विचारलं होतं ते साधंच होतं: तुमच्या मालकीचं काय काय आहे, तुमची माणसं कोण, कोणाला काय मिळावं असं वाटतं आणि का. मृत्युपत्र करणाऱ्याला एवढं उमगतं की नाही हेच न्यायालय बघतं. भारतीय उत्तराधिकार कायदा तर असंही मानतो की, एरवी मनाची स्थिती ठीक नसलेल्या माणसालाही ती ठीक असेल त्या काळात मृत्युपत्र करता येतं. निदान झालं म्हणून सगळं संपलं, असं नाही. हे ऐकून आईचा चेहरा सैल झाला.

आणि बाबांनी त्यांना एक गोष्ट सांगितली होती जी आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हती. त्यांच्या धाकट्या बहिणीला, आमच्या विधवा आत्याला, ते कित्येक वर्षं दरमहा पैसे पाठवत आले होते. ते आपल्यामागेही चालू राहावेत, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी समोर बसले असते तर ते बोलले नसते, हे मला पक्कं माहीत आहे.

दादाला हे पचायला वेळ लागला. आत काय बोलणं झालं हे त्याला व्हिडिओ कॉलवर हवं होतं. वकीलबाईंनी सांगितलं, "काका परवानगी देतील तेवढंच मी सांगेन." तो रागावला. बाबांनीच दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोन करून सगळं सांगितलं, तेव्हा विषय मिटला.

फ्लॅट आईला हयातभर वापरायचा हक्क, तिच्यानंतर आम्हा दोघांना निम्मा निम्मा, आणि आत्यासाठी एक ठेव वेगळी, असा मृत्युपत्राचा मसुदा झाला. तो वकीलबाईंनी मराठीत केला, बाबांना वाचता यावा म्हणून. "त्यांना जी भाषा कळते त्या भाषेत नसेल तर उद्या पहिला आक्षेप तोच येतो," असं त्यांचं म्हणणं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. लाभ मिळणारं कोणी साक्षीला नको, असा त्यांचा आग्रह होता, म्हणून एक साक्षीदार आमचे फॅमिली डॉक्टर झाले. बाबांची समज शाबूत असल्याचा दाखला त्यांनी त्याच तारखेचा दिला. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही आणि त्याला मुद्रांक शुल्कही नाही, तरी आम्ही दुय्यम निबंधकांकडे नोंदणी केली. फोटो, अंगठा, सही. बाबांनी सही अगदी ठसठशीत केली. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्याकडे निबंधकांनी घरी येण्याची तरतूद नोंदणी कायद्यात आहे, हेही तिथे कळलं.

मुखत्यारपत्राचं मग काय करायचं? त्यावर विसंबायचंच नाही, असं त्या म्हणाल्या. पेन्शनचं खातं आईबरोबर संयुक्त करून घेतलं, मुदतठेवी 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती' या पद्धतीवर आणल्या, लॉकरमध्ये आईचं नाव घातलं. सोसायटीत नॉमिनेशन केलं, मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. यातलं काही राहून गेलं आणि बाबांना समजेनासं झालं, तर उच्च न्यायालयात याचिका करून पालक नेमून घ्यावा लागतो. अशा प्रौढ रुग्णांसाठी १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मिळकतीचा व्यवस्थापक नेमण्याची सोय होती, ती त्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या कायद्यात उरली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने पालक नेमल्याचे आदेश आहेत. पण पैसा, वेळ आणि घरच्यांची दमछाक बघता तिथवर जायची पाळी येऊ नये हेच बरं.

सगळ्यात अवघड बोलणं झालं ते उपचारांबद्दलच्या आगाऊ इच्छापत्राचं, म्हणजे आपल्याला सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर केलेल्या कागदावर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का पुरतो, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागत नाही. बाबा म्हणाले, "नळ्या लावून मला ठेवू नका." आईने मान फिरवली. त्या दिवशी पुढे काही झालं नाही आणि वकीलबाईंनीही घाई केली नाही. कागद नंतर झाला, आईच्या तोंडचा होकार आल्यावरच.

फीबद्दल लिहायचं तर रकमेपेक्षा पद्धत सांगते. त्यांनी सल्ला, मसुदा आणि नोंदणीला सोबत येणं यांची फी वेगवेगळी लिहून दिली, सरकारी खर्च त्यात धरला नाही आणि प्रत्येक वेळी पावती दिली. "वर खाली काही द्यावं लागेल" असं त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही. आणि जिथे वकील लागत नाही तिथे तसं स्पष्ट सांगितलं. आमच्या शेजारच्या आजींना मुलगा खर्चाला पैसे देत नाही. त्यांना त्या म्हणाल्या की उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात स्वतः साधा अर्ज करा, आणि अर्जाआधी काही विचारायचं असेल तर १४५६७ या ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइनला फोन करा.

आता आईचं काम बाकी आहे. तिच्या माहेरच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तिचं नाव मामांबरोबर लागलेलं आहे, आणि तिला त्याचं काय करायचंय हे ती आम्हाला सांगत नाही. वकीलबाईंनी तिला वेगळी वेळ दिली आहे. येताना सातबारा आणि फेरफाराचा ताजा उतारा तेवढा आणा, असं सांगितलंय.