मॅडम, तुमचा नोंदणी क्रमांक काय?

ऑनलाइन थेरपिस्ट मिळायला वेळ लागत नाही. फोनवर एकदा ‘एंग्झायटी’ टाइप केलं की पुढे आठवडाभर इन्स्टाग्राम हसऱ्या चेहऱ्यांचे तज्ज्ञ दाखवत राहतं. वेळ जातो तो यातला खरोखर शिकलेला आणि नोंदणी झालेला कोण, हे शोधण्यात. मी ते केलं, म्हणून लिहितोय.

माझं प्रकरण थोडक्यात. वडील गेल्यानंतर काही महिन्यांनी मला लोकलमध्ये धाप लागायला लागली. भांडुपला चढायचो तेव्हा ठीक असायचो. घाटकोपरला मेट्रोची गर्दी आत घुसली की छातीत धडधड, तळहाताला घाम, आणि आता आपण इथेच पडणार अशी खात्री. कुर्ल्याला उतरून बाकावर बसायचो, दोन-चार गाड्या सोडायचो आणि ऑफिसला ‘गाड्या लेट’ असा मेसेज टाकायचो. मध्य रेल्वेवर हे कारण कधी कोणी तपासत नाही.

फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, थायरॉइड बघितलं, सगळं नॉर्मल. मग म्हणाले, "हे मनाचं आहे, आणि मनाचं आहे म्हणजे खोटं आहे असं नाही. गोळी लागेल असं वाटलं तर सायकियाट्रिस्टकडे जा. तो एमबीबीएसच्या पुढे मनोविकारातलं एमडी नाहीतर डीपीएम ही पदविका केलेला डॉक्टर असतो, औषध तोच लिहितो. बोलून काम होणार असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठा. पण आरसीआयचा, म्हणजे त्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी परिषदेचा, नंबर बघून घ्या. बाकी बोर्ड काय, कोणीही लावतं."

पालिकेच्या केईएम, नायर, शीव या रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी असते, केसपेपर अगदी नाममात्र पैशांत निघतो आणि शिकवणारी माणसं तिथेच असतात, हेही त्यांनीच सांगितलं. माझी अडचण वेळेची होती. ओपीडी सकाळची, आणि दर आठवड्याला अर्धी रजा टाकली तर साहेबांना कारण सांगावं लागणार. शिवाय तिथवर जायचं लोकलनेच. म्हणून ऑनलाइन.

पहिल्यांदा एक ॲप डाउनलोड केलं. नाव सांगत नाही, तशी बरीच आहेत. तिथे मूड विचारणारे पाच पिवळे चेहरे होते, त्यातला एक निवडला, आणि लगेच मला एक ‘सर्टिफाइड वेलनेस एक्सपर्ट’ नेमून दिली गेली. तिच्या प्रोफाइलवर ‘एम्पथी’, ‘माइंडफुलनेस’, ‘इनर चाइल्ड’ असं सगळं होतं. शिक्षण कुठेच नव्हतं. सेशन सुट्टं मिळत नव्हतं, आठांचं पॅकेज घ्यायचं. मी चॅटवर विचारलं, यांचा आरसीआय नोंदणी क्रमांक कळेल का? उत्तर आलं, आमचे सगळे एक्सपर्ट पूर्णपणे व्हेरिफाइड आहेत. मी विचारलं, कोणी व्हेरिफाय केलेत? उत्तर आलं, आज बुक केलंत तर 20 टक्के सूट आहे.

ॲप काढून टाकलं.

आता हे आरसीआय. म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, मराठीत भारतीय पुनर्वास परिषद. दिल्लीला असते, 1992 च्या कायद्याने झाली. ती मुळात दिव्यांगांसोबत काम करणाऱ्या व्यावसायिकांची परिषद, म्हणजे विशेष शिक्षक, ऑडिओलॉजिस्ट वगैरे, आणि त्याच यादीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही येतात. त्यामुळे आपल्यासारख्या माणसाला तिकडे बघायचं सुचतच नाही. एम.ए. नंतर क्लिनिकल सायकॉलॉजीतलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., रुग्णालयात वरिष्ठांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करून, हा इतकी वर्षं त्यांचा नेहमीचा रस्ता. काहींचं साय.डी., म्हणजे सायकॉलॉजीतली डॉक्टरेट, असतं. कोर्स परिषदेने मान्य केलेला असेल तरच नाव केंद्रीय पुनर्वास रजिस्टरमध्ये चढतं आणि एक क्रमांक मिळतो. त्याला सगळे ‘सीआरआर नंबर’ म्हणतात. नोंदणीशिवाय ही प्रॅक्टिस केली तर त्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. 1000 रुपयांत बांद्र्याला एक सेशनही होत नाही, ते सोडा.

परिषदेच्या वेबसाइटवर हे रजिस्टर शोधता येतं. सरकारी साइट आहे, तेव्हा मन मोठं ठेवायचं. कॅप्चा चुकतो, पान अडकतं. सगळ्यात जास्त वेळ खातात ती आपली आडनावं. देशपांडे एका झटक्यात सापडतात, पण क्षीरसागर इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिता येतं बघा. त्यातून नोंदणी माहेरच्या नावाने आणि प्रॅक्टिस सासरच्या नावाने, असंही असतं. नाव सापडलं नाही म्हणजे माणूस खोटा, असं लगेच ठरवू नये. सरळ क्रमांक मागावा. ज्यांच्याकडे असतो ते मिनिटात पाठवतात, बरेच जण तर सर्टिफिकेटचा फोटोच टाकतात. त्यावर मुदतीची तारीखही असते, तीही बघावी.

या सगळ्यात ‘आपल्या राज्याचं लायसन्स’ हा एक घोळ मध्ये आला. माझी चुलत बहीण न्यू जर्सीला असते. तिने मला फोनवर बजावलं, "दादा, महाराष्ट्राचं लायसन्स असलेलाच बघ हं." तिच्याकडे तसंच असतं. थेरपिस्टचं लायसन्स राज्याचं, आणि क्लायंट ज्या राज्यात बसलाय तिथलं लागतं. गेल्या वर्षी ती डोंबिवलीला आईकडे आली होती तेव्हा तिच्या थेरपिस्टने, तुम्ही परत आलात की बोलू, म्हणून सेशन थांबवली होती. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी अख्ख्या देशाची एकच. नागपूरची व्यक्ती मुंबईच्या माणसाला घेऊ शकते, बेंगळुरूचीही. सायकियाट्रिस्टचं थोडं वेगळं आहे, ते डॉक्टर असल्यामुळे इथले डॉक्टर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदलेले असतात. पण मार्च 2020 मध्ये टेलिमेडिसिनचे नियम आले, त्यानुसार नोंदणीकृत डॉक्टर देशात कुठूनही कुठल्याही पेशंटला ऑनलाइन तपासू शकतो. तेव्हा राज्याची अट मी यादीतून काढली आणि तिच्या जागी भाषा घातली. मला मराठीत बोलायचं होतं. ऑफिसात दिवसभर इंग्रजी झाडतो, पण बाबांच्या शेवटच्या आठवड्याबद्दल मला इंग्रजीत काही सांगता येणार नव्हतं.

समुपदेशकांबद्दल एक सांगितलंच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. कौन्सेलिंग सायकॉलॉजीत एम.ए. केलेली कितीतरी चांगली माणसं आहेत, त्यांच्याकडे सीआरआर नंबर नसतो, कारण ते रजिस्टर त्यांच्यासाठी नाहीच. 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी वेगळा कायदा झाला, त्यात त्यांचा समावेश आहे, पण त्यांचं रजिस्टर हाताशी येईपर्यंत पेशंटने करायचं काय? मी विचारायचो: एम.ए. कुठून, प्रत्यक्ष काम कुठे आणि कोणाच्या हाताखाली केलंत, आणि आत्ता तुमचं सुपरव्हिजन, म्हणजे आपलं काम वरिष्ठांकडून तपासून घेणं, चालू आहे का. शेवटचा प्रश्न मला ऑफिसातल्या मैत्रिणीने शिकवला. चांगल्या समुपदेशकाला तो आवडतो. एका गृहस्थांना नाही आवडला. त्यांनी मला त्यांचे फॉलोअर किती आहेत ते सांगितलं.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही फोनवरची समुपदेशन सेवा 2012 पासून आहे, देवनारलाच, म्हणजे आपल्या मुंबईतली. आणि ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेली-मानस आहे, 14416 वर, चोवीस तास, फुकट, मराठीतही. एका रात्री छातीतली धडधड थांबेना तेव्हा मी टेली-मानसला फोन केला होता. पलीकडच्या मुलीने मला पायाखालची फरशी गार लागतेय का ते विचारलं. लागत होती. मग खोलीतल्या कुठल्या कुठल्या वस्तू दिसतायत, ते एकेक सांगायला लावलं. कपाट, कॅलेंडर, मुलीचं दप्तर. दप्तरापाशी आलो तोवर श्वास जागेवर आला होता. नियमित थेरपीचं काम वेगळं, पण त्या रात्रीपुरती ती मुलगी पुरली.

तर कोणाकोणाला विचारायचं, त्यांची यादी तयार झाली. सगळ्यांना मी एकच मेसेज पाठवला, तो असा: ‘नमस्कार. वय 41, मुंबईत राहतो. गर्दीत पॅनिक होतं, वडिलांच्या निधनानंतर सुरू झालंय. ऑनलाइन, मराठीत, संध्याकाळी 8 नंतर किंवा रविवारी सेशन हवं आहे. कृपया आपलं शिक्षण, सीआरआर क्रमांक, फी आणि वेटिंग कळवावं.’ एवढंच. सगळी कहाणी लिहू नये, वाचणाऱ्याला आधी स्लॉट बघायचा असतो.

काहींचं उत्तर आलं नाही. काहींकडे दोन महिन्यांचं वेटिंग. एकांच्या प्रोफाइलवर मराठी लिहिलं होतं, फोनवर मात्र दुसऱ्याच वाक्याला गाडी हिंदीवर आली. दक्षिण मुंबईतल्या एकांची फी 3500 होती, आणि त्या प्रेमाने म्हणाल्या की तुम्हाला दर आठवड्याला जमणार नसेल तर सुरूच करू नका, अर्ध्यात सोडणं वाईट. मला हा सल्ला अजूनही पटतो. शेवटी जमलं ते नाशिकच्या मॅडमशी. क्रमांक पहिल्याच उत्तरात पाठवला होता, रजिस्टरमध्ये नाव जुळलं. फी 1500. मी विचारलं, काही कमी होईल का? म्हणाल्या, सकाळच्या स्लॉटला 1200 घेते. सकाळ म्हणजे साडेसहा.

पहिल्या सेशनआधी त्यांनी फॉर्म पाठवला, तो मी दोनदा वाचला. तुम्ही बोलाल ते गुप्त राहील, पण तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला तर मला सांगावं लागेल. चोवीस तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी. रेकॉर्डिंग दोघांनीही करायचं नाही. तातडीच्या वेळी कोणाला फोन करायचा, त्यांचं नाव. आणि प्रत्येक सेशनला तुम्ही नेमके कुठे बसलाय तो पत्ता. हा शेवटचा मुद्दा मला विचित्र वाटला होता. त्यांनी सांगितलं, मी नाशिकला आहे, तुम्हाला मध्येच काही झालं तर मदत कुठे पाठवू?

कुठे बसायचं, हा आमच्या वन बीएचकेतला खरा प्रश्न. हॉलमध्ये आई झोपते, बेडरूममध्ये बायको आणि मुलगी. किचनमधलं कुजबुजणंही हॉलमध्ये स्पष्ट ऐकू येतं. उरली गच्ची. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि ते ती कोणाला देत नाहीत, कारण मागे कोणीतरी वर पार्टी केली होती. मी त्यांना म्हटलं, घरात रेंज येत नाही, सकाळी परदेशी क्लायंटचा कॉल असतो. त्यांनी रजिस्टरमध्ये सही घेऊन किल्ली दिली. मग पाण्याच्या टाकीच्या सावलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, कानात हेडफोन. पावणेसातला पंप सुरू झाला की मी बोलायचं थांबायचो, टाकी भरेपर्यंत मॅडमही थांबायच्या. पावसाळ्यात मुक्काम गच्चीच्या दाराआतल्या जिन्यावर हलला, लिफ्टच्या मशीनखोलीशेजारी. तिथे कोणीतरी खालून बटण दाबलं की मोटर गुरगुरते.

"कोणी ऐकण्यासारखं आहे का आसपास?" त्या दरवेळी आधी विचारायच्या.

"कबुतरं आहेत."

"त्यांचं चालेल."

आईला बरेच दिवस कॉलच सांगितलं होतं. एका रविवारी ती म्हणाली, "कसलं रे हे ऑफिस, तुला वर बोलावतं आणि डोळे लाल करून खाली पाठवतं?" मग सांगितलं. तिने पोह्यांवर खोबरं जरा जास्त भुरभुरलं आणि विचारलं, बाई कुठल्या आहेत. नाशिकच्या म्हटल्यावर तिला बरं वाटलं. का ते तिलाच ठाऊक.

विम्याचं एका वाक्यात सांगण्यासारखं आहे, पण मला दोन लागतील. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला लावलंय, ते खरं. पण आमच्या ऑफिसच्या पॉलिसीत ओपीडीच नाही, फक्त दाखल झालात तर पैसे, त्यामुळे माझी सेशन माझ्याच खिशातून. पावत्या मात्र मी जपून ठेवल्यात. प्रत्येक पावतीवर मॅडमचा सीआरआर क्रमांक छापलेला असतो, पुढेमागे ओपीडीचा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण, घेतला तर कामाला येतील.

लोकलचं विचाराल तर, घाटकोपरला अजून छातीत हलतं, पण उतरावं लागत नाही. सेशन आता पंधरा दिवसांनी असतं.

हे सगळं ऐकून न्यू जर्सीची बहीण म्हणाली, "दादा, तुझ्या मॅडमचा नंबर मला दे ना. मलाही मराठीतच बोलायचंय." मी विचारलं. मॅडम नाही म्हणाल्या. "ती तिकडे बसली असताना मी घेऊ शकत नाही, त्या राज्याचं लायसन्स माझ्याकडे नाही. ती डिसेंबरात डोंबिवलीला येईल तेव्हा घेता येईल, पण तीन आठवड्यांत उकरायचं आणि सोडून द्यायचं, हे मी करणार नाही." तिकडे बऱ्याच राज्यांनी मिळून सायकॉलॉजिस्टसाठी ‘सायपॅक्ट’ नावाचा करार केलाय, न्यू जर्सी त्यात आहे, म्हणजे करारातल्या दुसऱ्या राज्यात बसलेला, त्यांची रीतसर परवानगी असलेला मराठी सायकॉलॉजिस्टही तिला चालेल. आता ती राज्य सोडून आडनावांवरून शोधतेय. कालच एक कुलकर्णी पाठवले होते तिने, टेक्सासचे. मी म्हटलं, आधी क्रमांक माग, मग मराठी येतं का ते विचार, कुलकर्णी कानडीही असतात.