तिखट चिकन बिस्किट: तिखट नेमकं कुठल्या थरात हवं?

मंडळी, बिस्किटाची नोंद बरीच रखडली होती, पण गेल्या काही शनिवारांत इतकं काही हाती लागलंय की आता लिहायलाच हवं. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात रॅली शहराजवळ राहते, मूळची कोल्हापूरची, आणि इकडे फास्ट फूडच्या दुकानांत सकाळी जे तिखट चिकन बिस्किट मिळतं त्याच्या मी हात धुऊन मागे लागलेय, म्हणजे ठिकठिकाणचं खाऊन बघायचं आणि मग घरी तसं करायचं. बिस्किट म्हणजे इथे लोणी, ताक आणि बेकिंग पावडर यांवर फुगवलेला तळहाताएवढा गोल, वरून खरपूस, आत मऊ, हाताने उघडला की पदर सुटतात, आणि मधे तळलेल्या चिकनचा एक तुकडा. बस. सॉस नाही, कांदा नाही, पान नाही.

या वेळी घरचा ओव्हन लावायच्या आधी परत मुळापासून खाऊन बघायचं ठरवलं, म्हणून बोजँगल्सचं केजन फिले बिस्किट (केजन म्हणजे लुइझियानाकडचा तिखट मसाला, फिले म्हणजे बिनहाडाचा तुकडा). नॉर्थ कॅरोलायनात राहून तिखट बिस्किटाबद्दल बोलायचं तर सुरुवात तिथूनच होणार, कारण ही चेन शार्लटमध्ये १९७७ साली जॅक फल्क आणि रिचर्ड थॉमस यांनी काढली आणि केजन मसाल्याचं चिकन आणि ताजं बिस्किट हीच तिची पहिल्यापासूनची ओळख. फल्क त्याआधी हार्डीज या दुसऱ्या फास्ट फूड चेनची फ्रँचायझी चालवायचे आणि रोज दुकानातच पीठ मळून बिस्किटं करायची पद्धत हार्डीजमध्ये रुजवण्याचं श्रेय त्यांनाच देतात. हार्डीजही इथलंच, १९६० साली ग्रीनव्हिलमध्ये सुरू झालेलं. त्यात ग्रीन्सबरोवाले बिस्किटव्हिल धरा, ज्यांचं दुकान दुपारी दोनला बंदच होतं कारण ते मुळी नाश्त्यासाठीच आहे, म्हणजे बघा या एका राज्यात बिस्किटावर किती लोकांनी आयुष्य घातलंय. मला याचं खरंच फार कौतुक वाटतं.

तर खाण्याबद्दल. ड्राइव्ह थ्रूमधून पिशवी घेतली की घरी नेऊ नका, तिथेच पार्किंगमध्ये गाडी लावा आणि लगेच कागद उघडा, कारण चिकनची वाफ कागदात कोंडली की खालचा अर्धा भाग दमट होतो आणि कुरकुरीतपणा गेलाच म्हणून समजा. मी या वेळी प्रत्येक घास नीट लक्ष देऊन खाल्ला, घड्याळ समोर ठेवून. आधी लागतं लोणी आणि मीठ, बिस्किटाचं वरचं कवच किंचित चिवट-खरपूस, मग चिकनचं कोटिंग कुरकुर मोडतं, त्यात मिरी लागते, ती नाकाकडे जाते, आणि लाल तिखट अजून कुठेच नाही. घास गिळला, दहा-पंधरा सेकंद गेले आणि मग जिभेच्या मागच्या बाजूला, घशाच्या तोंडाशी ते हळूच चढायला लागलं. पुढचा घास घेतला की लोण्याने ते दबतं आणि परत वर येतं. शेवटच्या घासापर्यंत कपाळावर थोडा घाम. मला या पदार्थात जे आवडतं ते हेच, तिखट उशिरा येतं आणि टप्प्याटप्प्याने वाढतं.

मग तुलनेसाठी चिक-फिल-एचं तिखट बिस्किट. हे सगळ्या शाखांत मिळत नाही, आधी ॲपवर बघून जा, आणि साडेदहाला नाश्ता संपतो, रविवारी दुकानच बंद. त्यांचं चिकन शेंगदाण्याच्या रिफाइंड तेलात प्रेशरखाली तळलेलं असतं, त्यामुळे तुकडा रसदार राहतो आणि कोटिंग पातळ, अंगाला चिकटलेलं. तिखट इथे लवकर लागतं, अगदी पहिल्या चावण्यातच, आणि लवकर उतरतंही. चवीला छान आहे, सकाळी घाईत असाल तर हे जास्त सोपं पडेल, पण मला जो उशिराचा चढ हवाय तो यात कमी.

तिसरं एक होतं, नाव घेत नाही, तिथे चिकनवर गोडसर लाल सॉस ओतलेला होता. सॉसने बिस्किटाचा आतला पदर भिजून गोळा झाला आणि तिखट, गोड, आंबट सगळं एकदम तोंडावर आलं. त्यातून मात्र माझं मत पक्कं झालं: तिखट चिकनच्या अंगाला, कोटिंगच्या खाली असायला हवं. कोटिंगमध्ये फक्त मीठ आणि मिरी. बिस्किटात तर तिखटाचा कणही नको. थर वेगळे राहिले तरच घासात त्यांची पाळी येते.

आता घरचं. तिखट कोटिंगच्या खाली हवं हे लिहायला सोपं आहे पण करायला गेलं की एक अडचण येते. तिखटपणा ज्याने येतो ते कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. म्हणजे ताकात भरपूर लाल तिखट घालून चिकन रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तरी मीठ आतपर्यंत जातं, तिखट वरच राहतं. चिकनचा तुकडा जाड असेल तर मधे नुसतं फिकं पांढरं मांस लागणार. फास्ट फूडवाले नाश्त्याला पातळ तुकडा का वापरतात ते मला यातून लक्षात आलं (लवकर तळून होतो हे आहेच), पातळ तुकड्यात प्रत्येक घासाला मसाल्याची बाजू जास्त येते. म्हणून आता मी ब्रेस्ट आडवं चिरून दोन करते आणि प्लास्टिकखाली लाटण्याने हलकं ठोकून साधारण एक सेंटीमीटरवर आणते, सगळीकडे सारखं.

आणि दुसरा बदल, ज्याच्यावर मी जाम खूश आहे, तो म्हणजे तिखट आधी तेलात. आपण फोडणीत जे रोज करतो तेच. दोन चमचे तेल कोमट करायचं, गॅस बंद, मग त्यात दीड चमचा केयेन (इथली झणझणीत लाल मिरचीची पूड) आणि एक चमचा ब्याडगीचं तिखट घालून ढवळायचं, लाल तेल सुटलं की गार करायचं आणि ते चिकनला चोळायचं, वर दीड चमचा मीठ, लसूण पावडर, थोडी पांढरी मिरी. अर्ध्या तासाने ताक ओतायचं आणि रात्रभर फ्रीज. तेल कडकडीत नको, तिखट करपलं की कडू होतं आणि सगळं घर खोकत बसतं. केयेन साधारण तीस ते पन्नास हजार स्कोव्हिलची (स्कोव्हिल म्हणजे तिखटपणा मोजायचं माप), म्हणजे तिखटाचं काम तिचं, ब्याडगी रंगाला आणि त्या तिच्या मंद वासाला. इथले लोक त्या जागी पॅप्रिका घालतात, मला ब्याडगी जास्त आवडली.

कांदा लसूण मसालाही घालून बघितला, कोल्हापूरची आहे तर बघणारच ना. चव झकास आली, पण त्यातलं सुकं खोबरं आणि तीळ तळताना लवकर काळे पडतात आणि खड्या मसाल्याचा वास लोण्याच्या वर जातो. ते चिकन भाकरीबरोबर संपवलं, बिस्किटासाठी साधं लाल तिखटच बरं. ताकात मात्र दोन चमचे टेक्सस पीट घालते, नावात टेक्सस असलं तरी तो सॉस विन्स्टन-सेलमचा, आमच्यापासून गाडीने दोनेक तासांवर. त्याने व्हिनेगरचा हलका आंबटपणा येतो, जास्त घातलं तर मात्र चिकनची वरची बाजू मऊ पडते.

कोटिंग: मैदा दीड कप, कॉर्नफ्लावर पाव कप, मीठ, भरडसर कुटलेली काळी मिरी, आणि त्या कोरड्या पिठात दोन चमचे ताक शिंपडून बोटांनी चोळायचं म्हणजे बारीक गोळ्या होतात, त्याच तळल्यावर खडबडीत कुरकुरीत लागतात. चिकन दाबून घोळवायचं आणि पंधरा मिनिटं जाळीवर ठेवायचं, पीठ ओलं होऊन धरतं, तेलात सुटत नाही. तेल ३५० फॅरनहाइट (१७५ सेल्सिअस), शेंगदाण्याचं रिफाइंड घ्या. इंडियन स्टोअरचं फिल्टर्ड शेंगदाणा तेल पण वापरलं, त्याला आपल्या घरच्या भज्यांचा वास येतो, मला आवडतो, नवऱ्याला नाही. आत १६५ फॅरनहाइट (७४ सेल्सिअस) झालं की बाहेर, टिश्यूवर नाही, जाळीवर.

बिस्किटाचं पीठ अजून व्हाइट लिलीचंच, सेल्फ रायझिंग, म्हणजे बेकिंग पावडर आणि मीठ आधीच घातलेलं. ही कंपनी १८८३ साली टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये निघाली आणि दक्षिणेत बिस्किट म्हटलं की लोक याच पिठाचं नाव घेतात, कारण हिवाळी मऊ गव्हाचं पीठ आहे, प्रथिनं कमी, म्हणजे ग्लूटेन कमी धरतं आणि बिस्किट चिवट होत नाही. दोन कप पिठाला सहा टेबलस्पून गार लोणी किसणीवर किसून घालते, मग पाऊण कप गार ताक, आणि मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. ओट्यावर थापायचं, तीन पदरी घडी, परत थापायचं, अशा तीन-चार घड्या. लोण्यातलं पाणी ओव्हनमध्ये वाफ होऊन पदर उचलतं म्हणून लोणी शेवटपर्यंत गार राहायला हवं, किचन गरम असेल तर मधेच दहा मिनिटं फ्रीजमध्ये टाका. कटर सरळ खाली दाबायचा, फिरवायचा नाही, फिरवला की कडा चिकटतात आणि बिस्किट तिरकं फुगतं. ट्रेमध्ये एकमेकांना टेकवून ठेवायची, म्हणजे बाजूला न पसरता वर चढतात. ४७५ फॅरनहाइटला बारा ते पंधरा मिनिटं, बाहेर आल्या आल्या वरून वितळलेलं लोणी.

गेल्या शनिवारच्या घाण्याची परीक्षा सासूबाईंनी घेतली, त्या सध्या इकडे आल्यात. पहिला घास खाऊन म्हणाल्या, "अगं, यात तिखट कुठाय?" मी म्हटलं, "थांबा आई, जरा दम धरा." त्या दुसरा घास घेणार तेवढ्यात हात थांबला, "आलं गं आलं... घशात आलं." मी तेव्हा घड्याळच बघत होते, अगदी बोजँगल्सवाल्या वेळेच्या आसपास आलं. फार आनंद झाला.

बरोबर काय प्यायचं यावरही एक सांगायचं आहे. गरम कॉफी किंवा चहा घेतलात तर तिखट जास्त झोंबतं, कारण जिभेवरचा जो रिसेप्टर कॅप्सेसिनला ओळखतो तोच उष्णतेलाही ओळखतो, दोन्हींची भर पडते. इथले लोक सकाळी सकाळी बर्फ घातलेला गोड चहा घेतात, ते मला आधी विचित्र वाटायचं, आता मीही तेच घेते. खूपच झोंबलं तर गार ताक किंवा दूध, त्यातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं. पाण्याने काही होत नाही.

भारतात करणाऱ्यांसाठी: आपल्या मैद्यात एका कपामागे दोन टेबलस्पून काढून तेवढं कॉर्नफ्लावर घाला, दीड चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, दोनतीनदा चाळून घ्या. ताक म्हणून घरचं पातळ ताक चालणार नाही, आंबट दही थोड्या दुधात फेटून ओघळेल इतपत करा. अमूलचं मीठवालं बटर वापरणार असाल तर पिठातलं मीठ काढून टाका. उन्हाळ्यात पुण्या-मुंबईत लोणी हातातच वितळेल, तर पीठ आणि भांडंसुद्धा फ्रीजमधून काढा.

पुढे दोन गोष्टी करायच्यात. एक, कापलेली कच्ची बिस्किटं फ्रीझ करून थेट ओव्हनमध्ये टाकायची, त्याची पहिली ट्रे बरी आलीये, दोन-तीन मिनिटं जास्त लागतात पण पदर उलट जास्त सुटतात, अजून एकदा बघून मगच खात्रीने सांगेन. दोन, मध. बिस्किटव्हिलला तिखट चिकनवर मध घालून देतात, मी सॉसच्या विरोधात असले तरी मध अगदी थोडा, वरच्या अर्ध्याच्या आतल्या बाजूला लावून बघणार आहे, चिकनला लागू न देता. कुणी आधी केलं असेल तर सांगा, आणि तेलात तिखट सोडायची पद्धत वापरलीत तर तिखट चावताना लागलं की गिळल्यावर, तेवढं नक्की कळवा.