दूरच्या बेटावरचा मासा निर्धोक असतो का?

नाशिकला समुद्र नाही. इथल्या बाजारातली समुद्री मासळी बर्फातून येते. ती कुठल्या पाण्यातली, असे विचारल्यास ‘खोल समुद्रातली’ हे उत्तर शुद्धतेची हमी दिल्यासारखे मिळते. ही हमी मला पटत नाही.

उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटे मोठ्या कारखानदारीपासून दूर आहेत. तरीही तिथे परंपरेने खाल्ल्या जाणाऱ्या पायलट व्हेल या शिकारी सागरी सस्तन प्राण्याच्या मांसात पारा इतका साठलेला आढळला की, ते माणसाने खाऊ नये, असे तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनीच २००८ मध्ये सांगितले. कोळसा जाळल्याने आणि सोन्याच्या छोट्या खाणींतून सुटणारा पारा वाऱ्याबरोबर जगभर फिरून समुद्रात उतरतो, तिथे सूक्ष्मजीव त्याचे मिथाइल पारा या संयुगात रूपांतर करतात आणि ते शरीरातून फार सावकाश बाहेर पडत असल्याने प्लवकांपासून (पाण्यात तरंगणाऱ्या इवल्या जीवांपासून) शिकारी माशांपर्यंत प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. जपानच्या क्यूशू बेटावरील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या, पाऱ्याच्या विषबाधेने होणाऱ्या रोगामागे एका कारखान्याचे सांडपाणी होते. फेरोमध्ये बोट दाखवायला असा कारखानाच नाही.

सगळेच धातू मात्र असे वागत नाहीत. कॅडमियम अन्नसाखळीत सहसा वर चढत नाही. ते कालवांत आणि खेकडा व माकुल (स्क्विड) यांच्या पचनग्रंथीत साठते, म्हणून खेकड्याच्या नांग्यांतले पांढरे मांस आणि कवचातला तपकिरी गर यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे आहे. माशांतले आर्सेनिक बहुतांशी आर्सेनोबेटाइन या जवळजवळ निरुपद्रवी रूपात असते. केवळ एकूण आर्सेनिकचा आकडा छापणाऱ्या बातम्या त्यामुळे विनाकारण घाबरवतात.

काळजी करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरी खाऊ घालण्याची किनारपट्टीवरची रीत तिकडून इथे स्थायिक झालेली काही कुटुंबे आजही पाळतात. मोरी म्हणजे शार्क, अर्थात शिकारी मासा. लहान मोरीत पारा मोठ्या शार्कपेक्षा कमी असतो हे खरे. पण मिथाइल पारा वाढत्या मेंदूला सर्वाधिक घातक ठरतो आणि तो स्नायूंतील प्रथिनांना घट्ट चिकटलेला असल्याने धुऊन, तळून किंवा उकळून निघत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या ताटात त्याऐवजी बांगडा किंवा तारली असावी; दोन्ही लहान, अल्पायुषी आणि मोरीइतक्याच सहज रश्श्यात शिजणाऱ्या आहेत.