प्रेमकथेच्या मागावर, सोलापुरात

प्रेमकथांची संपादक आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग विचारतो, "म्हणजे दिवसभर तेच वाचायचं?" हो, तेच. पण वाचताना मी जे तपासत असते त्यात चंद्र, मोगरा, धडधडणारं काळीज वगैरे फार थोडं. शेवटची एसटी किती वाजता सुटते, गच्चीच्या दाराला कडी आतून आहे की बाहेरून, नायिकेच्या घरात मोबाइल कुणाच्या उशाशी चार्जिंगला असतो, असल्या चौकश्या जास्त. आणि सगळ्यांत छळणारी चौकशी म्हणजे ही दोघं भेटणार कुठे? आपल्याकडच्या प्रेमकथेला खलनायक नसला तरी भागतं. दोन माणसांना दहा मिनिटं उभं राहायला जागा नसणं एवढंही पुरतं.

सोलापूरच्या एका बाईंची कादंबरी माझ्याकडे आली होती. त्या शाळेत मराठी शिकवतात, घरी तेलुगू बोलतात, राहतात शहराच्या पूर्व भागात. मी त्यांना बाई म्हणते, त्या मला मॅडम. नायिका बी.कॉम. करणारी, आई बिड्या वळणारी. नायक यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. हस्तलिखित वाचताना मी जागोजागी एकच शेरा मारत गेले होते: "इथे कुणी बघणार नाही का?" "इथेही कुणी बघणार नाही का?" पाचव्या-सहाव्या शेऱ्यावर बाईंचा फोन आला. "मॅडम, शेरे राहू द्या. तुम्ही या, आणि उभारून बघा."

म्हणून डिसेंबरात हुतात्मा एक्स्प्रेस धरली. पुण्याहून संध्याकाळी सुटणारी, रात्री सोलापुरात उतरवणारी ही गाडी आमच्या कादंबरीत तीनदा येते, त्यामुळे तीही तपासून होणार होती. दौंड गेल्यावर मी प्रुफं काढली. शेजारचे काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. बाहेर तर मिट्ट काळोख. मी एका पानावर जरा रेंगाळले तशी त्यांनीच घसा खाकरला, "झालं असेल तर उलटा की पान." उलटलं. कुर्डुवाडीपर्यंत आम्ही दोघांनी मिळून एक प्रकरण संपवलं. मग त्यांनी विचारलंच, "हे असलं वाचतं कोण हो?"

कोण नाही वाचत? लंडनची मिल्स अँड बून 1908 साली सुरू झाली तेव्हा सगळ्या तऱ्हेची पुस्तकं काढायची. नुसत्या प्रेमकथांवर ती आली 1930 च्या दशकात, कारण भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत त्यांनाच मागणी होती. आपल्याकडेही विकत घेताना हात आखडतो, पण वाचनालयातलं प्रेमकथेचं पुस्तक शिवण उसवेपर्यंत फिरतं. परत आलेल्या पुस्तकाच्या मधल्या पानावर हळदीचं बोट असेल तर मला फार बरं वाटतं. काकांना एवढं सगळं सांगितलं नाही. तुमच्या घरातसुद्धा कुणीतरी वाचत असेल, एवढंच म्हटलं. त्यावर ते जे गप्प झाले ते मोहोळ गेलं तरी गप्पच.

गाडीचं नाव सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरून. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. 1930 च्या मार्शल लॉनंतर या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं. बाईंच्या नायकाला ही नावं पाठ आहेत आणि नायिकेवर छाप पाडायला तो ती एका दमात म्हणून दाखवतो. पुण्यात बसून मला हा प्रसंग ओढूनताणून आणलेला वाटला होता. इथे चौकाला, सभागृहाला, गाडीला, सगळ्यालाच हुतात्मा म्हणतात हे बघितल्यावर त्यावरची खूण पुसून टाकली.

सकाळी बाईंच्या घरी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. चटणीविषयी फार लिहीत नाही, नाहीतर हा लेख तिथेच संपेल. कुटून कुटून तेल सुटलेली, बोटाला चिकटणारी. पुण्यात पाकिटातून येते ती कोरडी भुकटी वेगळी.

मग आम्ही नायिकेच्या रस्त्याने निघालो. अशोक चौक, दत्तनगर हा सगळा भाग. दुकानांच्या पाट्यांवर मराठीच्या खाली तेलुगू, मधूनच कन्नड. घराघरांच्या उंबऱ्यात बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या. तेंदूचं पान ओल्या फडक्यातून काढायचं, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा, आणि नखाने तोंड दुमडायचं. एकीशी बोलत उभी राहिले तर तिने माझ्याकडे बघूनच उत्तरं दिली. हातांकडे तिचं लक्षच नव्हतं, आणि तेवढ्यात सुपात दहा-बारा बिड्या पडल्या. तिच्या अंगठ्याचं नख एका बाजूला झिजून तिरपं झालेलं. कादंबरीत नायिकेच्या आईचे हात "खरखरीत" होते. मी डायरीत लिहिलं: खरखरीत काढा, नख घ्या.

वळलेल्या बिड्या रोज कंपनीच्या ब्रँचवर नेऊन द्यायच्या. तिथे मोजणी होते, तपासणारा खराब बिड्या छाट म्हणून बाजूला काढतो, आणि दुसऱ्या दिवसाची पानं-तंबाखू मिळते. छाटीवरून रोज वाद. पान हलकं आलं तर आकडा भरायला बाई पदरच्या पैशाने पान घेते. त्या रांगेत उभी राहिले तेव्हा बाईंची कादंबरी मला पहिल्यांदा नीट दिसली. नायिकेला घराबाहेर पडायला कारण सांगावं लागत नाही. आईच्या बिड्या पोचवायच्या आहेत, बस्. जायला किती वेळ लागतो हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, पण रांग किती मोठी होती आणि छाटीवरून किती वेळ भांडण झालं हे कोण बघायला येतंय? तिची दहा मिनिटं त्यात लपलेली असतात. पुण्यात बसून मी या ब्रँचच्या प्रसंगांवर "कंटाळवाणं, कमी करा" लिहिलं होतं. बाई काही बोलल्या नाहीत. रांगेतल्या एका मावशींनी मात्र मला विचारलं, "ताई, तुम्ही इथं काय करलालाव?" पुस्तकासाठी आले म्हटल्यावर म्हणाल्या, "मग लिवा की, पानं लई वाईट येऊलालेत." लिहिलं.

पुढे माग. माझा सगळ्यात मोठा आक्षेप होता तो या प्रसंगाला. कारखान्यात, माग चालू असताना, नायक-नायिकेचं दीड पान संभाषण. बाईंच्या ओळखीच्या एका घराच्या मागच्या शेडमध्ये गेलो. टॉवेलचे माग, पलीकडे दोन चादरीचे, वर जेकार्ड, म्हणजे नक्षी विणून घेणारी यंत्रणा. सोलापुरी चादर आणि टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, हे सगळ्यांना माहीत असतं; मागांचा आवाज मात्र इथे आल्याशिवाय कळत नाही. तो कानाला लागत नाही, छातीला लागतो. धोटा इकडून तिकडे जातो तो डोळ्याला दिसतच नाही, नुसता ठोका. कामगारांच्या भुवयांवर, पापण्यांवर, भिंतीवरच्या मार्कंडेयाच्या तसबिरीवर, ट्यूबलाइटवर कापसाची पांढरी रुई बसलेली. मालक काहीतरी म्हणाले. मी "काय?" म्हटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा "काय?" शेवटी त्यांनी हाताने चहाची खूण केली.

बाहेर येऊन मी बाईंना म्हटलं, "बाई, दीड पान? इथे 'चहा' एवढा शब्द पोचेना." बाई जरा वरमल्या. तेव्हा मालकच म्हणाले, "लाईट गेल्यावर बोलायचं की. तेव्हाच तर सगळे बोलतेत."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. माग एकदम थांबतात, शेड गपगार होते, अंधार, आणि जे दोघं इतके दिवस खाणाखुणांवर चालवत होते त्यांना अचानक स्वतःचा आवाज ऐकू येतो. त्यातही गंमत ही, की त्यांचा आवाज बाकीच्यांनाही ऐकू येतो. म्हणजे बोलायचं तर कुजबुजत, आणि वीज कधीही परत येईल या घाईत. दीड पानाचं अर्धं पान होणार आणि ते अर्धं पान वाचणारणीच्या लक्षात राहणार. संपादकाच्या आयुष्यात असा चहा रोज मिळत नाही.

दुपारनंतर सिद्धेश्वर. चारी बाजूंनी पाणी, मधे देऊळ, कडेला भुईकोट किल्ला. सोलापूरचं कुणीही पाहुण्याला आधी इथेच आणतं, आणि प्रत्येक लेखकाने आपल्या जोडप्याला एकदा तरी इथे बसवलेलं असतं. मला ही जागा कादंबरीत नकोच होती. पण तिथल्या पायऱ्यांवर बाईंनी कुंभारकन्येची गोष्ट पुन्हा सांगितली. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर. त्यांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी घालणारी कुंभाराची मुलगी, तिला त्यांच्याशीच लग्न करायचं. ते योगी, त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायची अनुमती दिली. तो विवाह शहर अजून दर संक्रांतीला लावतं. बाराबंदी घातलेले मानकरी सात उंच नंदीध्वज कमरेवर पेलत आणतात, संमती कट्ट्यावर आधी संमती वाचली जाते, मग हजारो लोक अक्षता टाकतात. दुसऱ्या दिवशी होममैदानावर होम, त्यात कुंभारकन्येचं प्रतीक अग्नीला. आम्ही गेलो त्या दिवसांत पेठांमधून रात्री नंदीध्वज पेलायचा सराव सुरू होता.

आता माझ्या टेबलावर ही गोष्ट आली असती तर? मुलीला माणूस हवा होता, मिळाला दंड, आणि शेवट आगीत. आमच्या मालिकेचा पहिला नियमच शेवट गोड हवा हा. मी ती परत पाठवली असती, सोबत शिष्टाचाराचं पत्र. आणि इकडे अख्खं शहर शतकानुशतकं त्या लग्नाला वऱ्हाडी म्हणून जातंय. पायऱ्यांवर आमच्या शेजारीच कॉलेजातलं एक जोडपं बसलं होतं, दोघांच्या मधे एक दप्तर ठेवून. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या जत्रेत कोणता पाळणा आधी, यावर त्यांचं भांडण चाललं होतं. मी बाईंना म्हटलं, तळं राहू द्या. पण दप्तर मधे हवं.

तिथून भैय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या घरी. महापालिकेने तिथे स्मारक केलंय. द्वारकानाथ कोटणीस जन्मले सोलापुरात, 1910 साली. 1938 मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात ते होते. बाकीचे परतले, हे तिकडेच राहिले, युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करत. गुओ चिंगलान या नर्सशी 1941 मध्ये लग्न, 1942 मध्ये मुलगा, आणि त्याच वर्षी 9 डिसेंबरला मृत्यू. वय 32. हे मी एखाद्या हस्तलिखितात वाचलं असतं तर समासात लिहिलं असतं, "फार घाई होते आहे, मधे निदान दोन प्रकरणं हवीत." खऱ्या आयुष्यात ती दोन प्रकरणं त्यांना मिळालीच नाहीत. चिंगलानबाई मात्र पुढे खूप जगल्या, 2012 पर्यंत, आणि भारतात येऊनही गेल्या. त्यांचा फोटो बघत मी बराच वेळ उभी होते. आपल्या माणसाच्या जन्मगावात, त्याच्या माणसांत, त्याच्याशिवाय येणारी बाई. ही कथा कुणी नीट लिहून आणली तर गोड शेवटाचा नियम मी गुंडाळून ठेवीन. वरिष्ठांशी काय बोलायचं ते नंतर बघू.

त्या तासाभरात तिथे आम्हा दोघींशिवाय कुणीही आलं नाही. माझ्यातली संपादक जागी झाली. शांत, सावली, फुकट, आणि नातेवाईक तर चुकूनही फिरकणार नाहीत! मी बाईंना तिथेच सांगितलं, शेवटच्या आधीची भेट इथे घ्या. मागे ती दोघं फोटोत, पुढे ही दोघं. बाई मान हलवत राहिल्या, होय की नाही ते कळेना. म्हणाल्या, "बघते."

पुण्याला परतल्यावर आठवड्याने सुधारलेली प्रकरणं आली. वीज जाण्याचा प्रसंग मला वाटला होता त्याहून छान उतरला होता: वीज परत येते ती नायिकेच्या अर्ध्या वाक्यावर, आणि उरलेलं वाक्य नायकाला कळतच नाही. नख आलं होतं. दप्तर आलं होतं. स्मारक कुठेच नव्हतं. मी फोन केला.

"बाई, कोटणीसांचं घर?"

"नाही जमत मॅडम."

"का? कुणी नसतं तिथे."

"म्हणूनच. फार सोपं होऊलालंय." मागून शाळेची घंटा ऐकू येत होती, त्यांना वर्गावर जायची घाई होती. "तिच्या मामाला मी रिक्षा घेऊन दिलीय, आणि भैय्या चौकातल्या स्टॉपवर उभं केलंय. आता कशी जाईल ती, सांगा."