मावशीची मिश्री

अमळनेरच्या मावशीची दाढ कळण्याची भाकरी खाताना हलायला लागली, तेव्हा कुठे ती दवाखान्यात यायला तयार झाली. तोवर एकच पालुपद, ‘हिरडीतून रक्त येत नाही ना, मग कशाला?’ पण मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावणाऱ्यांना रक्त कमीच येतं. तंबाखूतलं निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं आणि हिरड्यांचा रोग आतल्या आत वाढतो. डॉक्टरीणबाईंनी बारीक सळईने दात-हिरडीमधली फट मोजली. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक. मावशीची 5, 6. मग भूल देऊन हिरडीखालचं कीटण खरवडलं. झिजलेलं हाड सहसा भरून येत नाही, पण हिरडी पुन्हा घट्ट बसते. रक्तातली साखरही तपासायला सांगितली, मधुमेहात हा आजार बळावतो म्हणून. मिश्रीचा डबा मी उचलून आणला, तर मावशीबाई शेजारणीकडून चिमूट मागतात!